चित्रातील बाणाकडे पाहा

मोबाइलवर फिरणाऱ्या आरोग्यविषयक संदेशांत कृमींच्या चित्रांना सध्या मोठे स्थान मिळाले आहे. उघड्या तोंडात चार तीक्ष्ण दात असलेला एखादा अक्राळविक्राळ प्राणी पडदाभर दिसतो आणि असा प्राणी तुमच्या आतड्यात राहतो, असे त्याखाली लिहिलेले असते. त्यावरचे चूर्णही तेथेच सुचविलेले असते. असे चित्र पाहून झोप उडालेले ज्येष्ठ रुग्ण आणि त्यांना समजावून थकलेल्या सुना-लेकी नवीन जालन्यातील कोणत्याही डॉक्टरला अनोळखी नाहीत. म्हणून यावेळी कृमींच्या चित्रांविषयीच लिहावे असे ठरविले. चित्र नीट वाचता आले तर त्याचे भय ओसरते आणि त्यातून उपयोगाचे ज्ञान हाती येते.

प्रथम हे स्पष्ट करावयास हवे की ते चार दातांचे चित्र खोटे नसते. तो अंकुशकृमी होय. परंतु चित्रात दिसते ते त्याचे केवळ तोंड, आणि तेही शेकडो पटींनी मोठे केलेले. संपूर्ण कृमीची लांबी सुमारे एक सेंटीमीटर, म्हणजे शिवणकामाच्या दोऱ्याच्या लहानशा तुकड्याएवढी. शास्त्रीय ग्रंथातील चित्राखाली माप दाखविणारी एक छोटी आडवी रेघ असते. संदेशातील चित्रात नेमकी तीच कापलेली असते. कृमीचे चित्र दिसताच ही मापाची रेघ शोधावी. ती नसेल तर ते चित्र माहिती देण्यासाठी नव्हे, घाबरविण्यासाठी पाठविले आहे असे खुशाल समजावे.

दुसरी शोधण्याची गोष्ट म्हणजे बाण. आमच्या पिढीने एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षी कृमींची जीवनचक्रे पेन्सिलीने वहीत काढली. एका बाजूला माणूस, दुसऱ्या बाजूला माती, पाणी किंवा एखादा प्राणी, आणि त्यांना जोडणारे बाण. कृमीची आकृती सुबक आली नाही तरी परीक्षक एक वेळ चालवून घेत. बाण चुकला तर मात्र गुण जात. कारण कृमी शरीरात कोणत्या वाटेने येतो आणि कोणत्या वाटेने जातो, हे तो बाण सांगतो. आपल्याला जी वाट अडवायची असते, तीच ही.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. कॅमेरे इतके प्रगत झाले असताना वैद्यकाच्या पुस्तकांत अजून हाताने काढलेली चित्रे का असतात? सूक्ष्मदर्शकातून एका वेळी वस्तूचा एकच पातळ थर स्पष्ट दिसतो. छायाचित्रात साधारणपणे तोच एक थर उतरतो. चित्रकार मात्र सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू हळूहळू फिरवीत वरपासून खालपर्यंतचे सर्व थर पाहतो आणि ते एकाच आकृतीत एकत्र आणतो. भोवतालची घाण, हवेचे बुडबुडे, अन्नाचे कण तो गाळून टाकतो. एकोणिसाव्या शतकात यासाठी कॅमेरा ल्युसिडा नावाचे साधन सूक्ष्मदर्शकाला जोडीत. त्यातून पाहिले की वस्तूची प्रतिमा शेजारच्या कागदावर पडल्यासारखी भासे आणि तिच्या कडा पेन्सिलीने गिरविता येत. आजही विष्ठेच्या तपासणीत तंत्रज्ञ कृमींची अंडी ओळखतो तो अशा चित्रांवर नजर तयार झालेली असते म्हणून. जंताचे अंडे तपकिरी आणि खडबडीत सालीचे. अंकुशकृमीचे अंडे पातळ, पारदर्शक कवचाचे. चाबूककृमीचे अंडे दोन्ही तोंडांना बूच बसविलेल्या पिंपासारखे. तुमच्या हाती येणाऱ्या अहवालातील एका ओळीमागे कोण्या चित्रकाराची कित्येक तासांची बैठक असते.

आता बाणाचे महत्त्व पटविणारी गोष्ट सांगतो. ती आपल्याच मुलखातली आहे.

ज्यांची सत्तरी उलटली आहे अशा मराठवाड्यातील वाचकांना नारू म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पायावर फोड येई, त्याची विलक्षण आग होई, फोड फुटे आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा कृमी डोके काढी. मादीची लांबी ६० सेंटीमीटरपासून एक मीटरपर्यंत, जाडी मात्र एक-दोन मिलिमीटर. तो ओढून काढता येत नसे. ओढला की तुटे आणि पाय सुजून पिकत असे. म्हणून काडीवर गुंडाळत रोज थोडाथोडा बाहेर काढावा लागे. त्यात आठवडेच्या आठवडे जात. ऐन पेरणीच्या वा काढणीच्या दिवसांत कर्ता माणूस बाजेवर खिळून राही.

हा कृमी शरीरात शिरतो कसा, हा प्रश्न शतकानुशतके सुटला नव्हता. तो बहुधा पायातूनच बाहेर पडतो, तेव्हा पाण्यात उभे असताना पायातूनच आत शिरत असावा, असा तर्क अनेकांनी केला. मुंबईत नोकरीस असलेले शल्यवैद्य हेन्री जॉन कार्टर त्यांपैकीच एक. ग्रेच्या शरीररचनाशास्त्राच्या प्रसिद्ध ग्रंथातील चित्रे काढणारे आणि पुढे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकविणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर ते हे नव्हेत. दोघेही मुंबईतच होते आणि दोघांचाही हात चित्रकलेत तयार होता, म्हणून नावांची गल्लत होते. हेन्री जॉन कार्टर निसर्गाचे निष्ठावान अभ्यासक होते. १८५० च्या दशकात त्यांनी मुंबई बेटावरील नारूचा आणि तेथील तळ्यांत सापडणाऱ्या अतिसूक्ष्म कृमींचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला आणि त्यावर सचित्र लेखन केले.

त्यांनी एक नोंद अशी केली की एका शाळेतील ५० मुले ज्या तळ्यात अंघोळ करीत, त्या तळ्यात हे सूक्ष्म कृमी विपुल होते आणि वर्षभरात त्यांतील २१ मुलांना नारू झाला. अन्यत्र अंघोळ करणाऱ्या दुसऱ्या शाळांतील मुले मात्र बहुतांशी सुटली. निरीक्षण अचूक होते. रोग पाण्याशी बांधलेला आहे हेही त्यातून दिसत होते. परंतु तळ्यातील हे सूक्ष्म कृमी म्हणजेच नारूची बाल्यावस्था असून ते त्वचेतून शरीरात शिरतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हा निष्कर्ष चुकीचा ठरला. कृमींच्या आकृत्या मेहनतीने काढलेल्या होत्या. चुकला तो बाण.

हा बाण चुकला म्हणजे प्रत्यक्षात काय होते, याचा विचार करावा. रोग त्वचेतून शिरतो असे मानले तर शहाणा माणूस तळ्यात उतरणे टाळील, पण त्याच तळ्याचे पाणी घागरीत भरून निर्धास्तपणे पिईल. म्हणजे रोग ज्या दाराने येतो ते दार सताड उघडेच राहील.

बाण दुरुस्त होण्याची सुरुवात १८७० मध्ये झाली. अलेक्सेई फेदचेन्को या तरुण रशियन निसर्गशास्त्रज्ञाला तुर्कस्तान प्रांतात असे दिसले की नारूची पिले पाण्यातील एका सूक्ष्म जिवाच्या शरीरात शिरतात आणि तेथे वाढतात. हा जीव म्हणजे सायक्लॉप्स. कोळंबी-खेकड्यांच्या दूरच्या नात्यातला, एक-दोन मिलिमीटरचा. डोक्यावर एकच डोळा, म्हणून ग्रीक कथेतील एकाक्ष राक्षसाचे नाव त्याला मिळाले. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन उजेडात धरले तर उड्या मारणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांसारखा तो नुसत्या डोळ्यांनाही दिसू शकतो. पुढे १९०७ मध्ये रॉबर्ट लीपर यांनी दाखविले की जठरातील आम्लासारख्या सौम्य आम्लात सायक्लॉप्स मरतो, पण त्याच्या पोटातील नारूची पिले मात्र अधिक चपळ होऊन बाहेर पडतात. म्हणजे वाट पायातून नव्हे, तोंडातून होती.

हे माणसाच्या बाबतीत प्रयोगाने सिद्ध करण्याचे काम एका मराठी डॉक्टरने केले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. त्यांचे नाव डॉ. ज्ञानेश्वर आत्माराम तर्खड. प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग यांचे हे पुत्र, आणि मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांचे पुतणे. मुंबईत परळच्या ज्या जंतुशास्त्रीय प्रयोगशाळेला पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले, तेथे ते काम करीत. नारूची पिले असलेले सायक्लॉप्स पोटात गेल्याने माणसाला नारू होतो, हे त्यांनी १९१३ मध्ये नोंदविले.

चित्र आता पूर्ण झाले. आग शमविण्यासाठी रुग्ण फोडाचा पाय पाण्यात बुडवितो. कृमी तत्क्षणी लक्षावधी पिले पाण्यात सोडतो. सायक्लॉप्स ती गिळतो. सुमारे दोन आठवड्यांत ती माणसाला बाधण्याजोगी होतात. ते पाणी कोणी पितो आणि सुमारे वर्षभराने त्याच्या पायावर फोड येतो. आपल्या जुन्या पायऱ्यांच्या बारवा या चक्राला फार सोयीच्या होत्या. पाणी भरणारा माणूस पायऱ्या उतरून पाण्यातच उभा राही, आणि तेच पाणी घरोघर जाई.

भारतात १९८३-८४ मध्ये नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांतील ८९ जिल्ह्यांत मिळून ३९,७९२ रुग्ण नोंदले गेले होते. या रोगावर लस नव्हती आणि कृमी मारणारे परिणामकारक औषधही नव्हते. आजही नाही. तरीही रोग गेला, तो चक्रातील बाण एकेका ठिकाणी तोडून. पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधून रहाट-पोहऱ्याने पाणी काढण्याची सोय केली. हातपंप बसविले. पाण्यात सायक्लॉप्स मारणारे औषध सोडले. रुग्णाला पाण्यात उतरू दिले नाही. आणि घरोघर पिण्याचे पाणी दुहेरी फडक्यातून गाळण्यास शिकविले. घागरीच्या तोंडाला फडके बांधण्याची चाल आपल्याकडे जुनीच होती. सायक्लॉप्स त्या फडक्यात अडकतो, हे कळल्यावर त्या चालीला शास्त्राचा आधार मिळाला. देशातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. १९८६ मध्ये जगभर अंदाजे ३५ लाख रुग्ण होते, २०२३ मध्ये १४ नोंदले गेले. या जागतिक मोहिमेत अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या संस्थेने पुढाकार घेतला, हा त्या आडनावाचा आणखी एक योगायोग.

नारू गेला, तरी त्याची एक खूण आपल्यातील काही ज्येष्ठांच्या शरीरात राहिलेली असू शकते. काही कृमी बाहेर न पडताच शरीरात मरत आणि त्यांच्यावर चुन्याचा थर चढे. पंचाहत्तरीच्या आजोबांच्या गुडघ्याचा वा घोट्याचा एक्स-रे काढावा आणि त्यात हाडाबाहेर नागमोडी पांढरी दोरी किंवा तिचे वेटोळे दिसावे, असे आजही घडू शकते. तरुण डॉक्टरांनी नारू पाहिलेला नसतो. अशा वेळी लहानपणी नारू झाला होता किंवा गावात होता, एवढे आवर्जून सांगावे. बहुतेकदा त्या दोरीला कोणताही उपचार लागत नाही, आणि दुखणेही तिच्यामुळे नव्हे, सांध्याच्या झिजेमुळे असते. त्या जागी सूज, लाली किंवा पू असेल तर मात्र दाखवावे.

आता आजच्या कृमींकडे वळू. प्रत्येकाचा बाण वेगळा आहे, म्हणून प्रत्येकाची काळजीही वेगळी.

जंत हा आतड्यातील मोठा कृमी, मादी २० ते ३५ सेंटीमीटर लांब. त्याची अंडी विष्ठेतून मातीत जातात, तेथे काही आठवड्यांत पक्व होतात आणि न धुतलेल्या भाजीवरून किंवा नखांतून तोंडात येतात. येथे बाण हातातून तोंडाकडे जातो. म्हणून कोथिंबीर, मेथी, मुळा वाहत्या पाण्याखाली धुवावे. वृद्धांची नखे घरातील माणसाने कापून द्यावीत, कारण वाकता न आल्याने आणि दृष्टी मंदावल्याने ती वाढलेली असतात.

अंकुशकृमीचा बाण मात्र खरोखरच त्वचेतून जातो. त्याच्या अळ्या ओल्या मातीत असतात आणि अनवाणी पायातून शिरतात. तेव्हा शेतात किंवा परसात जाणाऱ्या आजी-आजोबांच्या पायात चप्पल-बूट असावेत. एक कृमी जातीनुसार दिवसाला थेंबभरापासून तीन-चार थेंबांपर्यंत रक्त वाया घालवितो. संख्या मोठी असली की हळूहळू रक्तक्षय होतो. येथे एक गंभीर सूचना द्यावीशी वाटते. साठीनंतर हिमोग्लोबिन कमी झाले आणि लोह कमी आढळले, तर ‘जंत असतील’ म्हणून गोळी देऊन थांबू नये. या वयात जठराचा व्रण, वेदनाशामक गोळ्यांमुळे होणारा रक्तस्राव आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचीही तीच खूण असते. काळी शौच, वजनात घट, शौचाच्या सवयीत बदल यांपैकी काही असेल तर विलंब न लावता तपासणी करून घ्यावी.

डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीच्या चित्रात दोन बाण असतात आणि गैरसमज तेथेच होतो. नीट न शिजलेल्या मांसातून पट्टकृमी आतड्यात जातो, हा पहिला. परंतु ज्याच्या आतड्यात तो आहे अशा माणसाच्या विष्ठेतून त्याची अंडी बाहेर पडतात, आणि ती अन्न-पाण्यावाटे दुसऱ्याच्या पोटात गेली की त्याच्या मेंदूत गाठी होऊन फिट येऊ शकते, हा दुसरा. म्हणूनच जन्मभर शाकाहारी असलेल्या माणसालाही हा मेंदूचा विकार होतो. घरात अन्न शिजविणाऱ्या आणि वाढणाऱ्या प्रत्येकाने शौचानंतर साबणाने हात धुणे, हाच त्यावरचा बांध होय.

स्ट्राँगिलॉइडिस हा सुमारे दोन मिलिमीटरचा कृमी. त्याच्या चित्रात एक बाण माणसातून निघून त्याच माणसात परत शिरतो. म्हणजे बाहेरून नवा संसर्ग न होताही तो दशकानुदशके टिकतो. एरवी त्रास थोडा असतो. परंतु दमा, सांधेवात किंवा अन्य कारणासाठी स्टेरॉइड सुरू झाले की प्रतिकारशक्ती घटते, कृमी अनिर्बंध वाढतात आणि जिवावर बेतू शकते. ज्यांचे आयुष्य अनवाणी शेतीत गेले आहे, ज्यांच्या रक्तात इओसिनोफिल पेशी कारणाविना वाढलेल्या आढळल्या आहेत, त्यांनी दीर्घकाळ स्टेरॉइड घेण्यापूर्वी हे डॉक्टरांच्या कानावर घालावे. मात्र चालू असलेली स्टेरॉइडची गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये.

जंतनाशक गोळीबाबतही प्रश्न येतात. शाळा-अंगणवाड्यांतून दिली जाते ती गोळी १ ते १९ वर्षे वयोगटासाठी आहे. नातवासाठी आलेली गोळी आजोबांनी घेऊ नये. यकृताचा विकार असेल, पूर्वी कधी फिट आली असेल, तर अल्बेंडाझोल घेण्यापूर्वी सल्ला आवश्यकच आहे. मेंदूत लक्षात न आलेल्या गाठी असतील तर या औषधाने क्वचित फिट येऊ शकते. शौचात दिसणारा प्रत्येक पांढरा धागा कृमी नसतो. पुष्कळदा तो भाजीचा तंतू किंवा आव असतो. शंका आल्यास स्वच्छ, कोरड्या डबीत नमुना आणून दाखवावा. त्यातच पैसे वाचतात आणि मनस्तापही.

शेवटची सूचना फडक्याविषयी. नारूच्या वेळी फडके पुरेसे ठरले, कारण सायक्लॉप्स त्यात अडकण्याइतका मोठा होता. विषमज्वराचे जंतू आणि काविळीचे विषाणू त्याहून कितीतरी लहान असल्याने फडक्यातून सहज पार होतात. नळाला उशिरा पाणी येते म्हणून साठवून ठेवलेले किंवा टँकरने आणलेले पाणी आधी गाळावे आणि मग उकळावे. खळखळून उकळी आली की एक मिनिट तसेच ठेवावे, झाकून गार करावे आणि दांडीच्या ओगराळ्याने काढावे. पुढच्या वेळी कृमीचे भयंकर चित्र घरात आले, तर त्याचे दात मोजीत बसू नये. हा येतो कोणत्या वाटेने, एवढे विचारावे, आणि उत्तर त्या चित्रात नसेल तर ते आपल्या डॉक्टरांना विचारावे.